दोन पिशव्यांचा रोगी

माझ्या आत्याजवळ औषधांच्या दोन पिशव्या असत. एक निळ्या नायलॉनची, तीत मिरजेच्या डॉक्टरांच्या गोळ्या, रक्ततपासणीचे कागद आणि क्ष-किरण चित्रांचे पाकीट. दुसरी खादीची, तीत साताऱ्याच्या वैद्यबुवांच्या पुड्या, गुग्गुळाची डबी आणि काढ्याच्या भरडीची पुरचुंडी. सांगलीस सासर आणि साताऱ्यास माहेर असलेल्या स्त्रीच्या आयुष्याची जी वाटणी होते तीच तिच्या आमवाताच्याही वाट्यास आली होती, आणि या दोन गावांमधील सुमारे सव्वाशे किलोमीटरांचा रस्ता एस.टी.ने ओलांडताना, ज्या गावी जावयाचे त्या गावची पिशवी वर आणि दुसरी साड्यांच्या घडीखाली, असा तिचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता. "आणखी काही घेता का?" असे डॉक्टरांनी विचारले की ती "छे, काही नाही" म्हणे, वैद्यबुवांनी नाडीवर बोटे ठेवून तेच विचारले की त्यांनाही तेच उत्तर मिळे. यात खोटे बोलण्याचा हेतू यत्किंचितही नव्हता. घरातील दोन वडीलधाऱ्यांचे एकमेकांशी पटत नसले म्हणजे एकाचे बोलणे दुसऱ्याच्या कानी न जाऊ देण्याचे जे शहाणपण सुनेला आपोआप येते, तेच ती येथे वापरीत होती.

कोविडच्या साथीच्या पहिल्या वर्षी, जेव्हा कुंपणाकुंपणावरील गुळवेल बुडख्यापासून ओरबाडली जात होती, तेव्हा आत्यानेही शेजारणीच्या सांगण्यावरून वैद्यबुवांच्या गुळवेलीच्या काढ्यात आपल्या पदरची भर घातली. डॉक्टरांकडून तिला आठवड्यातून एकदाच घ्यावयाची मेथोट्रेक्सेटची गोळी चालू होती. आमवातावर ती गुणकारी आहे, परंतु यकृतावर तिचा ताण पडू शकतो, म्हणून ठरावीक मुदतीने रक्त तपासावे लागते. त्या खेपेस यकृताचे आकडे नेहमीच्या तिप्पट निघाले. डॉक्टरांनी गोळी बंद केली. गोळी बंद झाली तशी बोटांची पेरे पुन्हा सुजली. पुढचे दोन महिने आत्याला स्वतःची वेणीसुद्धा घालता आली नाही. अखेरीस सुनेने सासूची नजर चुकवून ती खादीची पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर उपडी केली. वैद्यबुवांना हे दूरध्वनीवरून कळले तेव्हा ते म्हणाले, "त्या गोळीचे मला आधी कळते, तर मी गुळवेल दिलीच नसती." डॉक्टर म्हणाले, "मला काढ्याचे कळते, तर मी आधी तो थांबवून पाहिला असता." दोघेही सज्जन, दोघेही आपापल्या शास्त्रात निष्णात, आणि दोघांनाही माझी आत्या अर्धीच ठाऊक. दोष गुळवेलीचा होता, गोळीचा होता की दोहोंच्या संगतीचा, हे आजतागायत ठरलेले नाही व आता ठरणारही नाही. कारण तिने काय, किती आणि कधीपासून घेतले याचा दाखला कोणाच्याच दप्तरी नव्हता.

हा प्रश्न एका आत्यापुरता नव्हता, हे पुढे वर्तमानपत्रांतूनच दिसून आले. २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रोग्यांची हकीकत एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली आणि त्यांच्या यकृताला झालेल्या इजेचा संबंध त्या वनस्पतीशी जोडला. त्यावर केंद्राच्या आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की रोग्यांनी घेतलेली वेल ती गुळवेलच होती, तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जात नव्हती, हे तपासल्यावाचून असा निष्कर्ष काढणे गैर आहे. दोन्ही पक्षांचे समर्थक त्या वेळी मोठ्या हिरिरीने भांडले. मला त्या भांडणात एकच गोष्ट लक्षणीय वाटली: वेल कोणती, कोठून आणली, किती मात्रेने घेतली, हे लिहिलेले कोठे असते तर वादाचे निम्मे कारणच उरले नसते.

साताऱ्याच्या माणसाने या विषयावर लिहावे आणि आर्यांग्ल वैद्यक महाविद्यालयाचे नाव घेऊ नये, हे अशक्य आहे. १९१६ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या नावाची फोड केली की आर्य आणि आंग्ल असे दोन शब्द हाती येतात, आणि त्या संधीतच तिच्या संस्थापकांचा संकल्प साठविलेला आहे. आज तेथे आयुर्वेदाची पदवी दिली जाते व शेजारी डॉ. आगाशे यांच्या नावाचे धर्मार्थ रुग्णालय चालते. पण ज्या काळी टिळकांच्या पिढीचा स्वदेशीचा अभिमान आणि सरकारी इस्पितळांचा दरारा हे दोन्ही एकाच गावाच्या पेठांतून सुखेनैव नांदत होते, त्या काळी कोणालातरी हे दोन शब्द सवर्णदीर्घ संधीने जोडावेसे वाटले, ही गोष्ट मला त्या संस्थेच्या कोणत्याही इमारतीपेक्षा मोठी वाटते.

तथापि त्या संधीत एक गफलत होती, आणि ती एकट्या साताऱ्याची नव्हे, साऱ्या देशाची होती. दोन शास्त्रांचा मिलाफ करावयाचा तो एकाच विद्यार्थ्याच्या डोक्यात करावा, असे त्या पिढीने गृहीत धरले. चरकही त्यानेच वाचावा, शवविच्छेदनही त्यानेच करावे, आणि चार-पाच वर्षांनी बाहेर पडताना तो सकाळी वैद्य व संध्याकाळी डॉक्टर असावा. १९४६ साली नेमलेल्या आणि १९४८ साली अहवाल देणाऱ्या कर्नल रामनाथ चोपडा समितीनेही अशाच समन्वयाची तजवीज सुचविली. त्या मुशीतून जी.एफ.ए.एम. आणि तत्सम पदव्यांचे जे डॉक्टर निघाले, त्यांनी खेड्यापाड्यांतून जे काम केले त्याबद्दल कृतज्ञताच वाटली पाहिजे. माझ्या लहानपणी ताप आला म्हणजे सायकलवरून येणारे डॉक्टर अशाच पदवीचे होते. परंतु गोळी आणि इंजेक्शन यांचा गुण तासाभरात दिसतो व पथ्याचा गुण दिसावयास महिने लागतात, तेव्हा एकाच दवाखान्यात, एकाच खुर्चीवर बसलेल्या या दोन शास्त्रांपैकी कोणते हळूहळू कोपऱ्यात जाणार, हे सांगावयास ज्योतिषी नको होता. पुढे शुद्ध आयुर्वेदाची हाक उठली, अभ्यासक्रम बदलले, पण दवाखान्यांतील व्यवहार बदलला नाही.

मग कायद्याची भांडणे सुरू झाली. मुंबई इलाख्यात १९३८च्या कायद्याने वैद्यांची नोंदणी करण्याची व्यवस्था झाली. १९६१ साली महाराष्ट्राचा कायदा आला. १९९२ साली राज्य सरकारने हुकूम काढून आयुर्वेदाच्या काही पदवीधरांना आधुनिक औषधे देण्याची मुभा दिली. १९९६ साली, होमिओपॅथीच्या पदवीवर आधुनिक औषधे दिली गेली आणि रोगी दगावला अशा मुंबईच्या एका खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने ज्या पद्धतीचे शिक्षण घेतले नाही तिचा वापर हाच निष्काळजीपणा होय, असे बजावले. २०१४ साली होमिओपॅथीच्या पदवीधरांना औषधशास्त्राच्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमानंतर तीच मुभा देणारी दुरुस्ती झाली, आणि तिच्या अंमलबजावणीवरून २०२५ साली डॉक्टरांनी संप केला. हा सारा इतिहास वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. कोणाचे औषध कोणी लिहावे, याविषयी शंभर वर्षे वाद झाला आहे. कोणी कोणाला लिहावे, याविषयी एक ओळसुद्धा कोणी लिहिलेली नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की जुनाट रोगांच्या बाबतीत पहिला प्रश्न दुय्यम व दुसरा मुख्य आहे. दोन पॅथी एका माणसात कोंबण्याचे नाव सहकार्य नव्हे. सहकार्याला दोन माणसे लागतात, आणि त्यांच्यामध्ये एक कागद लागतो.

जुनाट रोगांच्या बाबतीत, असे मी मुद्दाम म्हटले. न्यूमोनिया, साप चावणे, हृदयविकाराचा झटका, अडलेली बाळंतीण, येथे सहकार्याची चर्चा करीत बसणे हा अपराध आहे. येथे मिरजेचा रस्ता धरावा. १८९४ साली वानलेस साहेबांनी मिरजेत मिशनचे रुग्णालय उभारले तेव्हापासून कृष्णाकाठच्या माणसाला हा रस्ता माहीत आहे. परंतु त्याच वानलेसांच्या नावाने सांगली-मिरजेच्या मध्ये जे क्षयरोग्यांचे आरोग्यधाम निघाले आणि ज्याच्यावरून वानलेसवाडी हे नाव पडले, त्याचा किंवा १९१२ साली डॉ. बिलिमोरिया यांनी पाचगणीस काढलेल्या बेल-एअरचा दिनक्रम डोळ्यांपुढे आणला, तर मोठी गंमत वाटते. स्ट्रेप्टोमायसिन अजून जन्मास यावयाचे होते. तेव्हा पाश्चात्त्य वैद्यकाजवळ क्षयावर उपाय होता तो मोकळी हवा, दूध, अंडी, सक्तीची विश्रांती, निजण्या-उठण्याच्या ठरलेल्या वेळा आणि मनाचे स्वास्थ्य. म्हणजे आपले वैद्य ज्याला आहार-विहार आणि पथ्यापथ्य म्हणतात तेच, थोड्या निराळ्या नावाने. एकाच सह्याद्रीच्या हवेत दोन वैद्यके त्या वेळी इतक्या जवळ आली होती की हात लांब केला तर पोचला असता. मग औषध सापडले, आणि ते फारच चांगले झाले. पण औषधाबरोबर पथ्य निरर्थक ठरल्याचा जो समज पसरला, त्याची किंमत आज मधुमेहाच्या रूपाने आपण देत आहो. मधुमेहाचा रोगी तीन महिन्यांतून दहा मिनिटे डॉक्टरांपुढे बसतो. उरलेले नव्वद दिवस तो उसाच्या फडात, ऑफिसच्या खुर्चीत, लग्नाच्या पंगतीत आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात असतो. त्या नव्वद दिवसांचे वैद्यक कोणी पाहावयाचे?

औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांना या प्रश्नाचे उत्तर सापडले होते, निदान त्यांना तसे वाटत होते. त्यांच्या संस्थानाचे तुकडे आजच्या सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत पसरलेले होते, आणि त्या साऱ्या मुलखातील शाळांतून त्यांनी सूर्यनमस्कार चालू केले, त्यांवर पुस्तक लिहिले. राजाच्या उत्साहात अतिशयोक्ती असतेच, आणि सूर्यनमस्काराने सर्व रोग जातात हे मी मानीत नाही. परंतु गुडघ्याच्या, पाठीच्या आणि रक्तदाबाच्या रोग्याला रोज नियमाने करावयाच्या हालचालीचे जे महत्त्व आज प्रत्येक डॉक्टर घाईघाईने एका वाक्यात सांगतो, ते सांगण्यासाठी एका राजाने आपला राज्यकारभार राबविला होता, हे विसरून चालणार नाही.

येथे वाचकाला वाटेल की मी दोन्ही वैद्यकांना एकाच तराजूत तोलतो आहे. तसे नाही. पुराव्याच्या बाबतीत आधुनिक वैद्यकाचे पारडे जड आहे, आणि ते जड आहे ते त्याने स्वतःच्या चुका लिहून ठेवण्याची सवय लावून घेतली म्हणून. जेथे आपल्याकडील औषधांनी ती सवय लावून घेतली तेथे त्यांचाही मान वाढला. सर्पगंधा आपल्याकडे शतकानुशतके वापरात होती, मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रोग्यांवरील तिच्या परिणामांचा बारकाईने केलेला अभ्यास १९४९ साली ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात छापला, तेव्हा जगभरच्या डॉक्टरांनी ती हाती घेतली आणि १९५७ साली वकिलांना लास्कर पारितोषिक मिळाले. आणि त्याच औषधाने काही रोग्यांचे मन खिन्न होते, हेही पुढे त्याच नोंदींच्या शिस्तीमुळे कळले. भगंदरावरील क्षारसूत्राची शस्त्रक्रियेशी तुलना भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने केली, तिचा निकाल १९९१ साली प्रसिद्ध झाला: क्षारसूत्राने जखम भरावयास दुप्पट वेळ लागला, आठ आठवडे विरुद्ध चार, पण रोग उलटण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेत ११ टक्के, तर क्षारसूत्रात ४ टक्के होते. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोपडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुडघ्याच्या झिजेवर सुंठ-गुळवेलयुक्त औषधांची तुलना आधुनिक औषधांशी केली, तिचे निष्कर्ष २०१३ साली आले. वेदना कमी करण्यात ती औषधे बरोबरीची ठरली, आणि काही रोग्यांत यकृताचे आकडे वाढले हेही त्यांनी लपविले नाही. मला या अभ्यासातील दुसरे वाक्य पहिल्यापेक्षा अधिक मोलाचे वाटते.

हळदीचेच पाहा. हरिपूरच्या पेवांत पिढ्यान् पिढ्या हळद साठविणाऱ्या सांगलीकरास जखमेवर हळद लावावी हे कोणी शिकवावे लागत नाही. तरी १९९५ साली अमेरिकेत त्याच उपयोगाचे एकस्व दिले गेले, आणि ते १९९७ साली रद्द झाले ते आजीच्या साक्षीवर झाले नाही. डॉ. माशेलकरांच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने लिखित पुरावे दाखल केले, त्यांत जुन्या संस्कृत ग्रंथाबरोबर १९५३ सालचा एक शोधनिबंधही होता, आणि तो छापला होता इंडियन मेडिकल असोसिएशनच्या मुखपत्राने! परंपरेच्या बाजूने साक्ष द्यावयास आधुनिक डॉक्टरांचेच दप्तर उपयोगी पडले, ही गोष्ट दोन्ही छावण्यांतील वीरांनी एकमेकांवर शस्त्र उगारण्यापूर्वी आठवावी.

उलट बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. २००४ साली अमेरिकेतील बॉस्टन परिसरात विकली जाणारी ७० आयुर्वेदिक औषधे तपासली गेली, त्यांपैकी १४ औषधांत शिसे, पारा किंवा सोमल आढळले. आपल्याकडे हमरस्त्याच्या कडेला तंबू ठोकून सांधेदुखीच्या ज्या बिननावाच्या पुड्या विकतात, त्यांचा गुण चार दिवसांत येतो तो जडीबुटीमुळे नव्हे, त्यांत मिसळलेल्या स्टेरॉइडमुळे, हे प्रत्येक तालुक्याच्या डॉक्टराला ठाऊक आहे. पुढे तोंड सुजते, साखर चढते, हाडे ठिसूळ होतात, आणि रोगी मात्र त्या पुडीवाल्यास दुवा देत असतो. ज्या मुलाला जन्मभर इन्शुलिन घ्यावे लागणार आहे त्याचे इन्शुलिन बंद करावयास सांगणारा मनुष्य, मग त्याची पदवी कोणतीही असो, माझ्या लेखी वैद्य नव्हेच. होमिओपॅथीविषयी मी थोडक्यात सांगतो: तिच्या डॉक्टरांचा रोग्याचे ऐकून घेण्याचा गुण इतरांनी उचलावा, तिच्या औषधांच्या गुणाविषयी माझी खात्री पटलेली नाही.

एवढे सांगूनही सहकार्य करावयाचे, कारण रोगी ते स्वतःच्या जबाबदारीवर रोज करीतच आहे. आपण त्याला मदत करावयाची की त्याला पिशवी लपवावयास लावावयाचे, एवढाच निर्णय आपल्या हाती आहे. खोकल्याच्या काढ्यातील ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतले तर रक्तदाब चढतो व रक्तातील पोटॅशियम उतरते; ज्या म्हातारबुवांना डॉक्टरांनी रक्तदाबासाठी लघवीची गोळी दिली आहे त्यांच्या बाबतीत ही माहिती नसणे म्हणजे प्राणाशी खेळ आहे. कारल्याचा रस आणि मधुमेहाची गोळी यांची एकाच सकाळी गाठ पडली तर साखर नको तितकी उतरू शकते. वैद्यांना गोळ्यांची यादी ठाऊक असली आणि डॉक्टरांना काढ्याची, तर हे दोन्ही अपघात एका वाक्याने टळतात.

असे दोन माणसांचे सहकार्य कोठे झालेच नाही, असे मुळीच नाही. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी आयुर्वेद संशोधन केंद्र उभे केले. स्वतः औषधशास्त्राच्या प्राध्यापक असून त्यांनी वैद्यांना आपल्या शेजारी खुर्ची दिली, आणि झाडाफुलांवरचे त्यांचे ललित लेखन वाचलेल्या मराठी वाचकाला त्यामागील जिव्हाळा निराळा सांगावयास नको. केरळच्या उत्तर टोकाला, कासरगोड येथे, हत्तीरोगाने पाय सुजलेल्या रोग्यांसाठी त्वचारोगतज्ज्ञ, वैद्य आणि योगशिक्षक एकाच रोग्याला एकाच ठिकाणी पाहतात; पाय धुण्याची रीत एकाची, लेप दुसऱ्याचा, पट्टी तिसऱ्याची, आणि नोंद सर्वांची एक.

सातारा-सांगलीत हे व्हावयास कोणती अडचण आहे? सरकारी रुग्णालयांतून आयुष कक्ष आहेत, कराड-मिरजेस मोठी वैद्यकीय महाविद्यालये आहेत, साताऱ्यास नवे सरकारी महाविद्यालय निघाले आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रांत आयुर्वेदाचे पदवीधर वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करीत आहेत. माणसे आहेत, छप्पर आहे. पण मी ज्या सरकारी रुग्णालयांत गेलो तेथे आयुष कक्ष व्हरांड्याच्या शेवटी, जिन्याखाली किंवा जुन्या भांडारात पाहिला, आणि त्या कक्षाचा केसपेपर निराळा होता. वीस पावलांचे अंतर कापावयास कागदाला पाय नव्हते.

वैद्य म्हणतील, आमचे काही योग गुरुपरंपरेने आलेले आहेत, ते उघड कसे करावे? त्यावर माझे उत्तर असे की रोग्याच्या पोटात जे जाते ते गुप्त ठेवण्याचा अधिकार कोणत्याही परंपरेला नाही. मात्रेची खुबी राखून ठेवा, घटकांची नावे लिहा. डॉक्टर म्हणतील, बाहेर साठ रोगी बसले आहेत, काढ्याची चौकशी करावयास वेळ कोठून आणू? त्याला उत्तर देणे अधिक कठीण आहे, कारण त्यांचे म्हणणे खरे आहे. म्हणून हे काम डॉक्टरांवर न टाकता केसपेपर काढणाऱ्या कारकुनाच्या खिडकीवर आणि परिचारिकेच्या टेबलावर टाकावे, रोग्याला वजन विचारतात तसे "काढा, चूर्ण, भस्म, मालीश काय चालू आहे?" हेही विचारावे, आणि विचारताना कपाळाला आठी पडू नये, असा हुकूम खुशाल काढावा. जिल्हा शल्यचिकित्सकांनी महिन्यातून एक दुपार अशा रोग्यांसाठी मुक्रर करावी, जेथे डॉक्टर आणि वैद्य एका टेबलाशी बसतील. यास नवा कायदा लागत नाही, नवी पदवी लागत नाही, कोणाची नोंदणीही लागत नाही.

आत्याची गोळी सहा महिन्यांनी कमी मात्रेने पुन्हा सुरू झाली. गुळवेल बंद आहे, गुग्गुळही बंद आहे, आणि सकाळचा शेक व वैद्यबुवांनी सांगितलेले जेवणाचे पथ्य डॉक्टरांच्या संमतीने चालू आहे. दोन पिशव्यांची आता एक झाली असून तीत दोनशे पानी वही असते, डावे पान वैद्यबुवांचे आणि उजवे डॉक्टरांचे. पहिल्यांदा ती वही उघडली तेव्हा वैद्यबुवांचे बोरूच्या वळणाचे अक्षर डॉक्टरांना लागेना, आणि डॉक्टरांचे अक्षर तर त्यांच्या औषधविक्रेत्याखेरीज कोणासच लागत नव्हते. तेव्हा आत्याने दोघांनाही, शाळामास्तरीण असल्याच्या जुन्या हक्काने, सुट्या अक्षरांत लिहावयास लावले. गेल्या महिन्यात वैद्यबुवांनी डाव्या पानावर विचारले आहे की हाडांच्या गोळीबरोबर दुधातून खारीक चालेल काय. मंगळवारी ती वही सांगलीच्या गाडीत बसेल.